सील शाबूत

19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाईंदरच्या एका खटल्यातल्या फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडले. बातमी आली आणि दोन दिवसांत विरली. गुन्हा जून 2010 मधला, वाचणेही जड जाईल असा. सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि तिचा खून. त्याच वस्तीतला एक हिंदीभाषक मजूर पकडला गेला. नोव्हेंबर 2014 मध्ये ठाण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने निघालेल्या अखेरच्या निकालापर्यंत सुमारे तेरा वर्षे उलटली होती.

गुन्हा घडला तेव्हा ठाणे जिल्हा एकसंध होता. भाईंदरच्या खाडीपासून पार मोखाड्याच्या घाटापर्यंत सगळे मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला; जव्हार, मोखाडा, विक्रमगड तिकडे गेले, भाईंदर ठाण्यातच राहिले. म्हणजे जव्हारच्या एखाद्या पाड्यावरून त्या 2010 च्या पावसाळ्याआधी कोणी भाईंदरला बिगारी कामावर गेलेला असता, तर तो आपल्याच जिल्ह्यात होता. तपास करणारे पोलीस दल त्याचेच, खटला चालणारे कोर्टही त्याचेच. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या निकालातला सगळ्यात बोलका भाग डीएनएचा नसून एका कागदाचा आहे.

आरोपीने कोठडीत पोलिसांना काहीतरी सांगितले, त्यावरून वस्तू मिळाल्या, असे तपासाचे म्हणणे. याला आपल्याकडे निवेदन पंचनामा म्हणतात. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 27 ने पोलिसांपुढच्या कबुलीला एक अरुंद दार ठेवले होते: कबुली पुराव्यात येत नाही, पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग येतो. या एवढ्याशा दारातून दीडशे वर्षांत किती माणसे फासापर्यंत गेली, याची गणती कोणी केलेली नाही. भाईंदरच्या प्रकरणातले निवेदन मराठीत लिहिलेले होते. आरोपीला मराठी येत नव्हते. त्याला समजेल अशा भाषेत ते वाचून दाखवले, समजावून सांगितले, याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने विचारले ते साधेच होते: जे त्याला वाचता येत नाही आणि कोणी वाचून दाखवले नाही, ते त्याचे निवेदन कसे?

त्यानंतर डीएनए. दोन्ही खालच्या न्यायालयांनी ज्या पुराव्यावर मोठा भार टाकला तो हाच. प्रयोगशाळेत काही चुकले असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले नाही. नमुने गोळा करणे आणि प्रयोगशाळेत पोहोचवणे यांच्यामधला उशीर कोणी समजावून सांगितला नाही. त्या काळात नमुने कसे ठेवले होते, त्यात भेसळ होण्याची शक्यता का नाकारायची, याला उत्तर नव्हते. तपास अधिकारी एकामागून एक बदलत गेले, तेही का बदलले हे सांगणारे कोणी नाही. डीएनए हे ब्रह्मवाक्य नाही, बाकीच्या पुराव्यांसारखा तोही तपासूनच घ्यायचा, असे न्या. संजय करोल यांनी त्या निकालात लिहिले आहे.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळतो, आणि ते ओढूनताणून नाही.

या दोन तालुक्यांत दसरा-दिवाळी आटोपली की पाडे रिकामे होऊ लागतात. नाचणी-वरई निघालेली असते, पुढे हाताला काम नसते. माणसे वसई, भिवंडी, ठाणे, नाशिककडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, इमारतींच्या कामांवर जातात. याला इथे ‘जगायला जाणे’ म्हणतात. त्यात कोणाला तक्रारीचा सूरही वाटत नाही. वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी, ठाकर यांच्या आपापल्या बोली आहेत. सरकारी मराठी त्यांना ऐकून कळते, पण पंचनाम्याची मराठी ही सरकारी मराठीच्याही पलीकडची. ‘सदर इसमाने स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय निवेदन केले की’ हे वाक्य कातकरवाडीतल्या कुणा म्हाताऱ्याच्या तोंडून निघाले, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. भाईंदरच्या त्या मजुराचा आणि मोखाड्याच्या मजुराचा प्रांत वेगळा, पण त्या कागदापुढे दोघांची अवस्था एकच.

कागदाशी इथल्या माणसाचे नाते अंगठ्याचे, आणि ते जुने आहे. इंग्रजी अमलात मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातला एक पेटा होता; जव्हार मात्र मुकणे घराण्याचे संस्थान, 1948 मध्ये विलीन होईपर्यंत स्वतःच्या कोर्टकचेऱ्यांसह. 1936 च्या हुकुमाने मोखाडा, शहापूर, डहाणू, उंबरगाव हे भाग ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले, आणि त्यांची पाहणी करायला सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला नेमले. 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात सावकारी आणि वेठीचे जे वर्णन आहे, ते पुढे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये आतून लिहिले. कर्जाच्या ज्या कागदावर अंगठा उठवला, त्यात काय लिहिले आहे ते अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी माणूस आणि त्याची बायको लग्नगडी म्हणून सावकाराच्या घरी राबत राहत. 1945 च्या वारली उठावाने वेठ मोडली. अंगठा मोडला नाही. तो सावकाराच्या वहीतून पोलिसांच्या पंचनाम्यावर आला.

शिवाय कातकऱ्यांच्या कपाळी आणखी एक शिक्का होता. 1871 मध्ये उत्तरेत सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही राबवला गेला, आणि जन्माने गुन्हेगार समजल्या गेलेल्यांत कातकऱ्यांची गणना झाली. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला. विजापूर, सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती उठल्या. ठाण्याच्या फौजदाराच्या डोक्यातली यादी त्या तारखेला रद्द झाली असे मात्र कोणी म्हणणार नाही. चोरी झाली की आधी कोणत्या वस्तीवर जायचे, हे अजूनही न सांगता कळते.

त्या यादीचे काय होते, हे पाहायला घाट चढून नाशिकला जावे लागते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे जेमतेम दोन तासांची वाट.

5 जून 2003 च्या रात्री नाशिक रोडजवळ बेलतगव्हाण शिवारात, पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा मेल्याचे सोंग घेऊन वाचले. दोन दिवसांनी, 7 जूनला, रुग्णालयात त्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला. तिने चार जणांवर बोट ठेवले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाबही झाला.

त्या चौघांना कोणी पकडले नाही. पुढे जालना जिल्ह्याकडचे सहा जण आरोपी म्हणून उभे राहिले, सगळे शिंदे आडनावाचे, भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. ओळख परेड झाली, त्यात ते ओळखले गेले. अल्बम, त्यातले चार चेहरे आणि त्या दिवसाचा जबाब यांबद्दल सरकार पक्षाने कोर्टाला काही सांगितले नाही. जून 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेले.

ओळख परेडीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ती पाहायला अगदी निर्विवाद वाटते: तुरुंगाच्या आवारात एक रांग, आरोपीसारखे दिसणारे पाच-सहा इसम, पोलीस बाहेर, दंडाधिकारी आत, साक्षीदाराने हात लावून ओळखायचे. पण साक्षीदाराचे डोळे म्हणजे काही बंद बरणी नव्हे. मध्ये छायाचित्रे दाखवली गेली असतील, वर्तमानपत्रात चेहरे आले असतील, कोठडीच्या दारात एखादा उभा दिसला असेल, तर नंतरची ओळख कोणत्या रात्रीची हे सांगणे त्या साक्षीदारालाही जमत नाही. साक्षीदार खोटे बोलत नसतो. अमेरिकेत 1992 मध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी सुरू केलेल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ने पुढे डीएनएच्या आधारे सुटलेल्यांची प्रकरणे तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखल्याचे निघाले. नाशिकच्या बाईने तर पहिल्यांदा सांगितलेलेच दडपले गेले. चूक तिच्या पदरी कशी बांधायची?

पुढची दहा वर्षे हे प्रकरण कायद्याच्या माळ्यावर पडून होते. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे 2012 मध्ये मान्य झाले. म्हणजे सहा वर्षे तो अशा शिक्षेच्या छायेत होता जी त्याला देताच येत नव्हती. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून तेरा कैद्यांची फाशी चुकीच्या निवाड्यावर उभी असल्याचे कळवले. त्यात हे शिंदेही होते. फाशीच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकायच्या, असे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या दारातून ऑक्टोबर 2018 मध्ये 2009 चा निकाल मागे घेतला गेला आणि प्रकरण पुन्हा ऐकले गेले. 5 मार्च 2019. न्या. सिक्री, न्या. नझीर, न्या. शहा. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने सहाही जण निर्दोष. प्रत्येकी पाच लाख रुपये सरकारने द्यावेत, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर काय करायचे ते गृहखात्याने पाहावे, असा आदेश झाला. अशा भटक्या, गरीब माणसांना खोट्यात गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही न्यायालयाने लिहिले. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब वाचकाने करावा. भट्टीवरची मजुरीही त्याहून वर जाते.

भरपाई मिळाली हेच नवल, कारण ती देण्याचा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल याच विषयावर दिला. तो अहवालच राहिला.

नाशिकच्या प्रकरणात माणसाचे डोळे, भाईंदरच्या प्रकरणात रक्ताचा नमुना. या दुसऱ्याचा इतिहास आपल्याकडे लांबचा आहे, आणि त्याला मुंबईचा चांगला वारसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट जिरो हेच मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते. तेव्हाचे काम बहुतेक सोमल आणि धोतरा यांचे. सोमल घरच्या माणसाला, धोतरा वाटसरूला. मृताच्या पोटातले अवशेष येत, तपासले जात, आणि अहवाल जिल्ह्याला जाई. विश्लेषक मुंबईत आणि खटला शेकडो मैलांवर. त्याला प्रत्येक वेळी साक्षीला कोण बोलावणार? म्हणून फौजदारी संहितेने सवलत दिली की त्याचा सहीचा अहवाल त्याला न बोलावताही पुरावा म्हणून वाचावा. 1898 च्या संहितेत हे कलम 510 होते, 1973 मध्ये 293 झाले, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत 329 आहे. नाव बदलले, सवलत तीच. न्यायालय त्याला बोलावू शकते. पण आरोपीच्या वकिलाने तसे मागावे लागते, आणि मोफत विधी सेवेतून मिळालेल्या वकिलाच्या हातात प्रकरण पडेपर्यंत बहुधा कोणी मागत नाही.

वकिली बोलीत या अहवालाला नुसते ‘सी. ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात. असा रिपोर्ट हातात घेऊन वाचावा. वरच्या बाजूला नेहमी एक वाक्य असते: सील शाबूत, पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम. म्हणजे पुडके आले तेव्हा लाख फुटलेली नव्हती. खाली निष्कर्ष. जुन्या रिपोर्टांत तो पुष्कळदा इतकाच असे की कपड्यावरचे रक्त मानवी आहे, गट निश्चित करता आला नाही. तेवढ्यावर जन्मठेपा झाल्या आहेत. गट जुळला तरी काय? आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक माणसांचा गट ‘बी’ किंवा ‘ओ’ असतो. पण वाक्याचा थाट वैज्ञानिक, सही सरकारी, आणि न्यायाधीशापुढचे दुसरे साक्षीदार फितूर झालेले. मग झुकते माप कुठे जाणार हे ठरलेले.

आणि सील शाबूत होते, याचा अर्थ सील लागल्यानंतर काही झाले नाही. लागण्याआधी काय झाले, हे ती लाख सांगत नाही. पुडक्यात कपडा कोणी भरला, तो कोणाच्या अंगावरचा, पंच खरोखर तिथे होते की सही करायला पोलीस ठाण्यात आले, हे सगळे लाखेच्या अलीकडचे. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला माणूस कितीही प्रामाणिक असो, तो आलेल्या बरणीचे उत्तर देतो. बरणीत काय घालायचे ते दुसरीकडे ठरते.

काही वेळा मात्र विज्ञानाच्या नावाखाली भलतेच काही कोर्टात शिरते. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावताना आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्-तरंगांची चाचणी आधारांपैकी एक मानली. डोक्याला तारा लावायच्या, वाक्ये ऐकवायची, आणि गुन्ह्याचा ‘अनुभव’ मेंदूत साठलेला आहे की नाही ते यंत्राने सांगायचे. जगभर त्याची चर्चा झाली, कौतुकाने कमी, चकित होऊन जास्त. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्सच्या संचालकांच्या नेतृत्वाखालच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय असल्याचे सांगितले. पुढे त्या आरोपीला उच्च न्यायालयाने जामीन दिला. 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ही मेंदूची चाचणी आरोपीच्या संमतीविना करायला मनाई केली. योगायोग असा की नाशिकच्या सहा जणांना फाशीवर नेणाऱ्या निकालाच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी 2009 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला होता. डीएनए वगळता केस, दातांचे व्रण, बुटांचे ठसे यांपैकी एकही पद्धत एखाद्या खुणेवरून अमुकच माणसापर्यंत खात्रीने पोहोचते असे सिद्ध झालेले नाही, असे तो म्हणत होता. 2015 मध्ये एफबीआयनेच कबूल केले की केसांच्या सूक्ष्मदर्शी तपासणीवरच्या त्यांच्या तज्ज्ञांच्या जुन्या साक्षींपैकी, पडताळलेल्यांत, नव्वद टक्क्यांहून अधिक साक्षींत चुकीची विधाने होती. एफबीआयची ही कथा. आपल्याकडे जुने रिपोर्ट असे काढून तपासावेत, असे कोणाच्या मनातही आलेले दिसत नाही.

भाईंदर-मीरा रोड हेच नाव आणखी एका खटल्यात येते, 11 जुलै 2006 च्या लोकल बाँबस्फोटांच्या. त्यातल्या बारा जणांना 2015 मध्ये शिक्षा झाल्या, पाच जणांना फाशी. एकाचा मध्यंतरी तुरुंगातच मृत्यू झाला. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. जप्त स्फोटकांच्या सीलबंदीबद्दल न्यायालयाने ठपका ठेवला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि निकालाचा दाखला म्हणून वापर तूर्त रोखलेला आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

त्याच महिन्यात, 15 जुलै 2025 ला, तमिळनाडूच्या एका फाशीच्या कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे नियम घातले. लिहिणारे पुन्हा न्या. करोल. नमुना घेताना डॉक्टर, तपास अधिकारी आणि पंच यांच्या सह्या. तपास अधिकाऱ्याने तो 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचे. न्यायालयाच्या परवानगीविना पुडके उघडायचे नाही. आणि नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत ठेवायची.

मोखाड्यात 48 तास म्हणजे काय, हे तिथल्या ठाण्यातल्या शिपायाला विचारावे. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन करायचे, नाहीतर मृतदेह जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचा. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात, रक्त वेगळ्या बाटलीत, लाख, दोरा, चिठ्ठी, मागणीपत्र. मग पुडके घेऊन शिपाई निघतो. घाट उतरून मुंबईकडे, नाहीतर नाशिकच्या प्रयोगशाळेकडे. पावसाळ्यात दरड आली तर रस्ताच बंद. वाटेत नमुना थंड कशात ठेवायचा, हा प्रश्न भाईंदरच्या ठाण्याला सुटला नाही, तिथे तर रेल्वे दारात आहे. नव्या संहितेचे कलम 176 सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची अपेक्षा धरते, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मोखाड्यातल्या खोडाळ्याच्या पुढच्या पाड्यावर त्या तज्ज्ञाचे वाहन किती वाजता पोहोचेल, हे त्या कलमात नाही.

नोंदवहीचे नमुने छापून सर्व जिल्ह्यांना पाठवण्याचे काम त्या निकालाने राज्यांच्या पोलीस महासंचालकांवर टाकले आहे. त्या वहीत बरणीचा प्रवास येईल: कोणी भरली, कोणी नेली, केव्हा पोहोचली. निवेदन पंचनाम्याला अशी वही नाही. आरोपीची बोली कोणती, त्याला ते कोणत्या भाषेत वाचून दाखवले, वाचणाऱ्याला ती भाषा येत होती का, असे रकाने त्या कागदावर अजून छापलेले नाहीत. भाईंदरच्या खटल्यात पहिल्यांदा जे मोडून पडले ते निवेदन याच कारणाने मोडले होते.